जंगलातल्या पहिल्या सहलीआधी

पहिल्यांदाच जाताय, तर धबधबा, गुहा, टेहळणी मनोरा, संग्रहालय असं सगळं एका दिवसात उरकायचा बेत आखू नका. एक मुख्य ठिकाण ठरवा, जवळचं दुसरं हाताशी ठेवा, बस्स. जंगलातले रस्ते वळणावळणाचे, नकाशावर जवळ वाटणारं ठिकाण यायला वेळ लागतोच.

पायवाटेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला हिशेब अजून उपयोगी पडतो: तासाला साधारण ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. मुलं बरोबर असतील तर मी वेळ सरळ दीडपट धरतो.

आणि सकाळी लवकर पोहोचा, हे अगदी मनापासून सांगतो. तेव्हा पक्षी भरभरून बोलत असतात, वाटेवरचे ठसेही ताजे असतात. ओल्या मातीपाशी बसून नीट बघा. कोल्ह्या-लांडग्यांच्या ठशात बहुधा नखांच्या खुणा दिसतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या सहसा उमटत नाहीत. मुलांना एकदा हे दाखवा, मग ‘अजून किती चालायचं?’ हा प्रश्न बराच वेळ येत नाही!

दाट झाडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा सूर्यास्ताच्या तासभर आधी बाहेर पडा. रेंजचा भरवसा नसतो, नकाशा आधीच डाउनलोड करा. सोसाट्याचा वारा असेल तर जुन्या झाडांखाली थांबू नका. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड चिकटलेली नाही ना, तेवढं तपासा.