असल्या फोटोंनी पोट भरतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी लालबागचा, जेजेतून अप्लाइड आर्ट केलंय, सध्या लग्नांच्या शूटला दुसरा कॅमेरा धरतो. हिरोशी सुगिमोतो या जपानी फोटोग्राफरचे सिनेमा थिएटरचे फोटो पाहिले आणि डोक्यात किडाच शिरला. बाबा म्हणतात असल्या फोटोंनी पोट भरतं का? तो अमेरिकेत टिकला कसा?

उत्तर: बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे रे, कारण सुगिमोतोचंही पोट बरीच वर्षं फोटोंवर भरत नव्हतं. टोकियोत 1948चा जन्म, कॉलेजात राजकारण-समाजशास्त्र शिकला, मग लॉस एंजेलिसला जाऊन फोटोग्राफी, 1974ला न्यूयॉर्क, आणि तिथे घर चालवायला काय केलं तर जुन्या जपानी वस्तूंचं दुकान! जपानला जायचं, जुन्या मूर्ती-बिर्ती शोधून आणायच्या, न्यूयॉर्कात विकायच्या. हे लोक सांगत नाहीत, सगळे थेट त्याचे फोटो म्युझियममध्ये लागले यावरच येतात.

थिएटरचे फोटो म्हणजे फोटोचा मोठा, निगेटिव्हवाला कॅमेरा थिएटरात मागे लावायचा, पिक्चर सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की बंद, अख्खा पिक्चर एकाच निगेटिव्हवर, त्यामुळे पडदा पांढराफटक आणि त्याच्याच उजेडात छताची नक्षी, रिकाम्या खुर्च्या दिसतात. मुंबईत हे करायला जाऊ नकोस हां, पडद्याकडे कॅमेरा रोखलास की पायरसी म्हणून उचलतील, आधी मालकाची लेखी परवानगी घे.

त्यापेक्षा त्याची 1976ची सुरुवात बघ. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये काचेमागे पेंढा भरलेले प्राणी आणि मागे रंगवलेला देखावा, सगळं खोटं खोटं, पण एक डोळा मिटून बघितलं तर पुढचं-मागचं अंतर कळेनासं होतं आणि ते खरं वाटायला लागतं, हे त्याच्या लक्षात आलं. कॅमेऱ्याला तर एकच डोळा! मग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बर्फावर सीलपाशी उभं अस्वल असं काढलं की जिवंतच वाटावं. काळ्या घोड्याजवळच्या आपल्या म्युझियममध्येही तसे प्राणी आहेत, लालबागहून कितीसं लांब? एक डोळा मिटून उभा राहा, लोक हसले तर हसू देत.

लग्नं सोडू नकोस मात्र. सीझन संपला की जा, आणि ट्रायपॉड चालतो का ते तिकीट खिडकीवर आधीच विचार, नाहीतर आतला वॉचमन हुज्जत घालत बसेल.