दुरुस्तीचा कट्टा: पुरातून वाचलेला ल्युडविग

प्रश्न: काका, माझे चुलते मुंबईत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. त्यांच्या माघारी त्यांचा धातूचा स्नेअर ड्रम आमच्याकडे सांगलीवाडीला आला. २०१९ च्या पुरात तो खालच्या खोलीत गाळात राहिला. वरवर धुऊन पोत्यात बांधून ठेवला होता. आता मुलगा शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो, त्याला तो हवाय. बिल्ल्यावर ‘ल्युडविग, शिकागो’ आणि एक आकडा आहे. मुलामा जागोजाग फुगलाय, बोल्ट फिरत नाहीत. कुपवाडचे एक कारखानदार नवं क्रोम करून देतो म्हणतात. खालच्या काठाला समोरासमोर दोन ठिकाणी चेपलंय, तेही ठोकून सरळ करतील. देऊ का त्यांच्याकडे?
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर: देऊ नका. दिला असेल तर आजच्या आज परत आणा, आणि आणताना हातोडी लागली नाही ना तेवढं बघा.

ताई, ते चेपलेलं नाही. ती कंपनीनंच दाबून केलेली जागा आहे. ड्रम उलटा ठेवा. तळाशी आडव्या ताणलेल्या तारा (स्नेअर) सैल-घट्ट करायचा खटका एका बाजूला आणि तारांची पट्टी धरणारी पकड त्याच्या बरोबर समोर, असं दिसेल. काठाची खोलगट जागा नेमकी या दोघांच्या जागी आली, तर ती तारांची बैठक. तिथं पान, म्हणजे ड्रमवर ताणलेला पातळ पडदा, जरासं खाली दबतं, म्हणून तारा पानावर टोकापर्यंत सपाट टेकतात. हा काठ ठोकून सरळ केला की तारांची टोकं अधांतरी राहतात, मग कितीही आवळा, ड्रम नुसता फरफरणार. चांगल्या ड्रमचं असं वाटोळं झालेलं मी पाहिलंय. करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला फक्त सगळे काठ सरळ हवे असतात.

आता क्रोम. पिंपाला, म्हणजे ड्रमच्या गोल धातूच्या अंगाला, लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर लग (पिंपावरचे, ताणायचे बोल्ट धरणारे कप्पे) सोडल्यावर बोल्टच्या भोकाची कड बघा: पिवळी असेल तर पितळ, पांढरी असेल आणि पिंप हातात हलकं लागत असेल तर ॲल्युमिनियम. तुमचा बहुधा ॲल्युमिनियमचाच निघेल. ल्युडविगचा सुप्राफोनिक नावाचा ड्रम १४ इंची, दहा लगांचा, पिंपाच्या मधोमध गोल उठाव असलेला. साठच्या दशकात कंपनी पितळ सोडून ॲल्युमिनियमवर आली आणि बिल्ल्यावर आकडेही त्याच दशकात, १९६३-६४ च्या सुमारास आले. ॲल्युमिनियमवर क्रोम फार जोमानं धरत नाही. खालून गंज चढला की मुलामा फुगतो, पापुद्रे सुटतात. हा या ड्रमचा जुनाच आजार आहे, पुराच्या पाण्यानं तो वाढवला इतकंच. आवाजाला त्यानं काही होत नाही.

पुन्हा मुलामा द्यायचा तर आधी जुना उतरवायचा, मग बफ मारायचा. बफमध्ये काठ घासला जातो. शिवाय बिल्ला हवेच्या भोकातल्या कड्यानं दाबून बसवलेला असतो, तो काढताना कडं मोडतं. एवढं करून हाती काय, तर स्टीलच्या डब्यासारखं चकचकीत पिंप. चुलत्यांच्या हातचा ड्रम फुगलेल्या क्रोमचाच राहू द्या.

खरं काम गाळाचं आहे. कृष्णेचा गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो, आणि बोल्टच्या आट्यांत तो आहे म्हणूनच बोल्ट फिरत नाहीत. पकडीनं पिळू नका, चौकोनी डोकी गोल होतील आणि मग ड्रमची चावीही धरणार नाही. प्रत्येक बोल्टच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चावीनं आधी केसभर आवळा, मग केसभर सोडा. असं मागं-पुढं करत गाळ बाहेर येतो. अडलाच तर आतल्या बाजूनं लगचे स्क्रू काढा आणि लग सुटा करून हातात घ्या. लगच्या पोटात पितळी नट आणि स्प्रिंग असते, तीही काढून धुवा. ती मोकळी राहिली तर ड्रम वाजताना आत किणकिणते, म्हणून बसवताना फेल्टचा एक तुकडा सोबत घाला. सगळं सोडताना फोटो काढा आणि भाग क्रमानं ताटात मांडा. नंतर ‘हा कुठला?’ विचारायला मी फोनवर असेनच असं नाही.

पिंप साध्या साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवा. चिंच, लिंबू, धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर यातलं काही लावायचं नाही. आंबट असो की खारं, फुटलेल्या क्रोमखालचं ॲल्युमिनियम दोन्हींनी खाल्लं जातं. पुसून पंख्याखाली वाळवा, वर गाडीचं मेण पातळसं. झालं.

एखादा बोल्ट गेलाच असेल तर मारुती रोडच्या हार्डवेअरमधून आणू नका. या अमेरिकन ड्रमचे आटे १२-२४ मापाचे असतात. ५ एमएमचा बोल्ट नटात सैल पडतो, ६ एमएमचा आत जात नाही, आणि पान्यानं रेटला तर नट संपला. वाद्यांच्या दुकानात माप सांगून मागवा.

त्या कारखानदारांचा एक उपयोग मात्र आहे. त्यांच्याकडे सरफेस प्लेट, म्हणजे अचूक सपाट केलेली पाटी, असेल तर ड्रम तिच्यावर वरच्या काठानं ठेवा, दिवे घालवा आणि आत बॅटरी लावा. उजेड कुठून गळतो ते कळेल. घरच्या कडप्प्यावर हे करू नका, कडप्पाच सपाट नसतो. खालच्या काठाची तपासणी करताना तारांच्या दोन जागी उजेड दिसणारच, घाबरू नका.

पानं दोन वेगळी लागतात, हे दुकानदाराला ठणकावून सांगा. वरचं मारायचं पान साधारण पाव मिलिमीटर जाड, खालचं स्नेअर साइडचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. दोन्ही सारखी दिली तर तारा बोलणार नाहीत. बोल्ट आधी बोटांनी टेकवा, मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. तारा वीस पेडांच्या घ्या आणि बेतानं ताणा. आमच्या मिरजेतल्या कारागिराला विचारा, सतारीची जवारी जशी तारेला जेमतेम स्पर्श करून बोलते, तसंच इथं आहे. तारा करकचून आवळल्या की ड्रम गुदमरतो.

आणि चिरंजीवांना सांगा, हा स्टँडवर ठेवून वाजवायचा ड्रम आहे, याला पट्ट्याचा हूक नसतो. कवायतीला शाळेचाच साइड ड्रम गळ्यात घालू दे. हुकासाठी पिंपाला भोक पाडायची कल्पना घरात कुणाला सुचलीच तर ड्रम माझ्याकडे पाठवा, मी सांभाळीन.

प्रश्न: आमच्या बँडमध्ये ट्रम्पेटनं एक ठरावीक सूर लांबवला की माझ्या साइड ड्रमच्या तारा आपोआप सिर्र करतात. ड्रम मेरठचा आहे, नवाच. तारांवर चिकटपट्टी लावू का?
— एक वाचक, कराड

उत्तर: चिकटपट्टी नको, आवाज मरेल. त्या सुराला तुमचं पान थरथरतं आणि पानासोबत तारा. वरचं पान थोडं चढवून किंवा उतरवून बघा, त्रास दुसऱ्या सुरावर सरकतो. तेवढ्यानं भागलं नाही तर खालच्या पानाचे, तारांच्या टोकांजवळचे चार बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. पूर्ण थांबणार नाही, कुणाचंच थांबत नाही. तुमची वाजवायची पाळी नसेल तेव्हा खटका पाडून ठेवत जा.