सवलत करारात लिहिली आहे का?

टाइमशेअर क्लबच्या (एकदा मोठी रक्कम आणि मग वार्षिक शुल्क भरून दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क देणाऱ्या क्लबच्या) सभासदांची पत्रं हल्ली एकाच सुरात येतात: सुट्टीला जाणं होत नाही, पण सवलती चांगल्या आहेत, मग सभासदत्व ठेवावं की सोडावं? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा काही प्रश्न इथेच घेते. क्लबांची नावं मुद्दाम गाळली आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमचा करार तुमच्या कपाटात आहे, तो मी पाहिलेला नाही.

प्रश्न: क्लबच्या रेस्टॉरंटमध्ये सभासदाला 15 टक्के सवलत आहे. माझ्या कार्डावर मेव्हणा जेवला तर चालेल का? (दहिसर)

तुम्ही स्वतः मुक्कामाला नसाल तर बहुतेक ठिकाणी नाही. बुकिंगच्या वेळीच विचारा.

प्रश्न: आम्ही 2013 साली 25 वर्षांचं सभासदत्व घेतलं. हप्ते फिटले. मुलं मोठी झाली, गेली तीन वर्षं कुठेच गेलो नाही. वार्षिक शुल्क जीएसटीसकट 26 हजारांच्या आसपास येतं. पण जेवण, स्पा, रक्ताच्या तपासण्या, दागिन्यांची मजुरी अशा सगळ्यावर सूट आहे. मिस्टर म्हणतात, सवलतींतच शुल्क वसूल होतं. खरं आहे का? (मुलुंड)

मिस्टरांना कागद-पेन्सिल द्या. मूळ शुल्क 22,000 धरलं, तर 18 टक्के जीएसटी लागून 25,960 होतात. एवढी रक्कम 15 टक्के सवलतीतून परत मिळवायची, तर वर्षाला सुमारे 1 लाख 73 हजारांचं जेवावं लागेल. तेही क्लबच्याच रेस्टॉरंटमध्ये, जिथे तुम्ही तीन वर्षं पाऊल टाकलेलं नाही.

राहिल्या बाकीच्या सवलती. मजुरीवरची सूट गुढीपाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला दादर-गिरगावातले सराफ कार्ड न बघताही देतात. तपासण्यांचं म्हणाल, तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन त्याच पॅकेजचा दर नुसता विचारा. सवलत किती टक्के, यापेक्षा ती कुठल्या दरावर मोजली आहे हे महत्त्वाचं. छापील दर कोणीच भरत नसेल, तर त्यावरच्या 30 टक्क्यांना काही अर्थ नाही. आणि एरवी घेतलाच नसता असा मसाज 20 टक्के स्वस्त पडला, तरी 80 टक्के तुमच्या खिशातूनच गेले.

आणखी एक गोष्ट मला कोणी विचारत नाही. सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो. तुमच्या वार्षिक शुल्कावर 18 टक्के आहे. अलिबाग किंवा गणपतीपुळ्याला चार रात्रींसाठी साधी, स्वच्छ खोली घेतली तर किती होतात, ते एकदा करासकट काढून शुल्काशेजारी मांडा.

2013 साली भरलेले लाख-दोन लाख या हिशेबात धरू नका. सभासदत्व ठेवलं काय, सोडलं काय, ते परत येत नाहीत. पण म्हणून उद्याच राजीनामा पाठवू नका. तीन वर्षांच्या न वापरलेल्या रात्री पुढे ओढता येतात का, मुलांच्या नावे देता येतात का, मुदतीआधी सोडल्यास काही परतावा आहे का, हे क्लबला ई-मेलने विचारा, फोनवर नको. उत्तर आल्यावर करार आणि तो ई-मेल एखाद्या ग्राहक-वकिलाला किंवा तुमच्या सीएला दाखवा, मग ठरवा.

प्रश्न: क्लबने सभासद मेळाव्याला बोलावलं होतं. अडीच लाख भरून वरच्या श्रेणीत गेलात तर आयुष्यभर सवलती, विमानतळावर लाउंज, शिवाय वार्षिक शुल्क कधीच वाढणार नाही, असं सांगितलं. ऑफर त्याच संध्याकाळपुरती होती. विनंती केल्यावर रविवारपर्यंत वाढवून मिळाली. हे सगळं त्यांनी व्हॉट्सॲपवरही लिहून दिलंय. भरावेत का? (अंधेरी)

नाही. आणि आता जरा सविस्तर, कारण याच मेळाव्यांमुळे माझ्याकडे सर्वांत जास्त माणसं येतात, आणि बहुतेक पैसे भरल्यावर येतात.

मेळाव्याचा साचा ठरलेला आहे. आधी मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर कूपन भरून घेतात, किंवा 'तुमच्या सभासदत्वाचा आढावा' म्हणून फोन येतो. नवरा-बायको दोघांनी यायलाच हवं, अशी अट असते, म्हणजे 'घरी विचारून सांगतो' म्हणायची सोय उरत नाही. मोठ्या आवाजात संगीत, दोन-तीन तासांचं बोलणं, मग आतून येणारा 'मॅनेजर' आणि त्याने खास तुमच्यासाठी काढून आणलेली परवानगी. त्याच संध्याकाळी संपणारी ऑफर विनंती केल्यावर रविवारपर्यंत वाढते, यातच सगळं आलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या विक्री-युक्त्यांच्या 13 प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खोटी घाई हा एक प्रकार आहे, आणि सोडता न येणाऱ्या वर्गणीचा सापळा हा दुसरा.

आता कागदांकडे या. तुमच्याकडे एक अर्ज असेल, एक नियमावली आणि एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका. सवलती जवळजवळ नेहमी पुस्तिकेत असतात. तिथे बारीक अक्षरांत फुलीखाली लिहिलेलं असतं की या सवलती पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार कंपनीकडे आहे. वार्षिक शुल्क मात्र नियमावलीत असतं, म्हणजे करारात, आणि ते वाढवण्याचा अधिकारही तिथेच लिहिलेला असतो. म्हणजे देणं पक्कं आणि घेणं मर्जीवर. शुल्क वर्षाला 6 टक्क्यांनी वाढलं तरी साधारण 12 वर्षांत दुप्पट होतं. आजचे 26 हजार तेव्हा 52 हजार झालेले असतील. लाउंज देणारी कंपनी किंवा सूट देणारं हॉटेल तोपर्यंत यादीत असेलच, असं कोण सांगणार?

विक्रेत्याचा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, पुरावा म्हणून त्याला किंमत आहे; फोन बदललात तरी जुना हँडसेट फेकू नका. पण त्यावर विसंबून पैसे भरू नका. बहुतेक करारांत एक कलम असतं: या कागदांत लिहिलं आहे तेवढंच लागू, प्रतिनिधीने तोंडी किंवा अन्य मार्गाने दिलेलं आश्वासन बंधनकारक नाही. म्हणून कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर एकच ओळ पाठवा: 'वार्षिक शुल्क कधीही वाढणार नाही, हे कराराचा भाग म्हणून लेखी द्यावे.' रविवारपर्यंत काय उत्तर येतं ते पाहा. बहुधा येणारच नाही, किंवा 'सध्याच्या धोरणानुसार' या शब्दांनी सुरू होईल. तेच तुमचं उत्तर.

श्रेणी वाढवताना आणखी एक गोष्ट होते, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही नवा अर्ज भरता, म्हणजे अनेकदा जुने नियम सोडून नवे स्वीकारता. जुन्या सभासदाला असलेल्या काही सोयी त्यात जातात: ऋतू, खोलीचा आकार, रात्री साठवण्याची मुभा. वर अडीच लाखांवर 45 हजारांचा जीएसटी. मिळतं काय, तर पुस्तिकेतल्या सवलती. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आधीच भरले असतील तर दिवस घालवू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि लोक ती 'साहेब बघतो म्हणालेत' यात घालवतात. करारात चेन्नईचं किंवा बंगळुरूचं न्यायक्षेत्र छापलेलं असलं, तरी तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याची सोय या कायद्याने दिली आहे. वाद खासगी लवादाकडेच न्यायचा, असं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्कही नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्रात कागद घेऊन जा, आणि नोटीस कशी लिहायची हे वकिलालाच ठरवू द्या.

प्रश्न: वार्षिक शुल्क एलटीएमध्ये (पगारातल्या रजा-प्रवास भत्त्यात) दाखवता येतं का? ऑफिसातले दाखवतात म्हणे. (परळ)

नाही. एलटीएची सूट फक्त प्रवासभाड्याला आहे आणि तीही जुन्या करप्रणालीत. ऑफिसातल्यांचं ऐकण्यापेक्षा सीएला विचारा.

प्रश्न: आमच्या सभासदत्वावर परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल करता येते. एवढ्या एका सोयीसाठी तरी ठेवावं, असं मुलगी म्हणते. (विलेपार्ले)

अदलाबदलीच्या संस्था खऱ्या आहेत. आरसीआय 1974 पासून हे काम करते. पण अदलाबदल म्हणजे फुकट नव्हे. संस्थेची वर्गणी, प्रत्येक अदलाबदलीचं शुल्क, आणि काही रिसॉर्टमध्ये पोहोचल्यावर मागितलं जाणारं वेगळं शुल्क. विमान आणि व्हिसा तुमचाच. शिवाय तुमच्या पावसाळ्यातल्या लोणावळ्याच्या बदल्यात ऑगस्टमधलं स्पेन सहज मिळेल, असं समजू नका. ज्या आठवड्याला मागणी कमी, त्याचं वजनही कमी. मुलीला म्हणावं, तारखा आधी सांग. त्या तारखांना प्रत्यक्षात काय उपलब्ध आहे ते पडद्यावर बघा, सगळे आकडे जोडा, मग साध्या हॉटेलच्या बुकिंगशी ताडा.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन दरवर्षी सातही रात्री वापरते. स्वयंपाकघर असलेली खोली घेते, सकाळी उपमा, रात्री मुगाची खिचडी खोलीतच. सवलतींकडे बघतही नाही. सगळे म्हणतात फसलीस. (चेंबूर)

नाही फसलात. ठेवा. बुकिंगची खिडकी उघडते त्या दिवशी तारखा घ्या आणि शुल्कवाढीचा ई-मेल आला की दरवर्षी हिशेब पुन्हा करा. सवलतींकडे बघत नाही म्हणता, तसंच चालू द्या.

प्रश्न: वार्षिक शुल्क भरायचं थांबवलं तर सिबिल खराब होतं का? शेजारी म्हणतात पोलीस येतात. (बोरिवली)

शेजाऱ्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. शुल्क थकणं हा दिवाणी मामला आहे. सहसा आधी बुकिंग बंद होतं, मग थकबाकीवर व्याज चढतं, आणि शेवटी करारानुसार सभासदत्व रद्द होऊ शकतं. हप्त्यांची गोष्ट वेगळी. सभासदत्वासाठी बँकेचं किंवा वित्तकंपनीचं कर्ज घेतलं असेल आणि तो हप्ता चुकवला, तर नोंद क्रेडिट अहवालात जाते. क्लबशी भांडण आहे म्हणून कर्जाचा हप्ता बंद करू नका. तुमच्या खात्यातून नक्की कोण पैसे ओढतंय, हे पासबुकात आणि बँकेच्या ऑटो-डेबिट यादीत बघा. आणि काहीही थांबवण्याआधी कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न: फोन आला की तुमचं सभासदत्व साडेचार लाखांना घेणारा ग्राहक तयार आहे, फक्त जीएसटीचे 38 हजार आधी भरा, ते परत मिळतील. (माहीम)

फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि मग बँकेला.

प्रश्न: गेल्या रविवारी एका मेळाव्यात 60 हजार क्रेडिट कार्डावर भरले. घरी येऊन वाचलं तेव्हा सवलतींची अट कळली. आता काय? (कांदिवली)

युरोपीय संघात 2008 च्या निर्देशानुसार असा करार 14 दिवसांत कारण न देता मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे मुभा आहे की नाही आणि किती दिवसांची, हे तुमच्या नियमावलीत लिहिलं असेल तेवढंच. अनेक क्लब थोड्या दिवसांची मुभा देतात. मोजणी सहीपासून की पैसे भरल्यापासून, हेही वाचा. 'रद्द करत आहे, पूर्ण परतावा द्यावा' असं ई-मेलने आजच कळवा, त्याचीच प्रत स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. त्यांचा माणूस फोन करून 'एकदा भेटून बोलू' म्हणेल. भेटायला जाऊ नका, मुदत तोपर्यंत संपते. कार्ड देणाऱ्या बँकेलाही या व्यवहारावर वाद असल्याचं लेखी कळवा. वकिलाला उद्या भेटा, पण ई-मेल आज.