'लेप्टोचे निदान' आणि 'निदान एक घास तरी': दाव्याची दोन टोके

कणकवलीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. वर्तमानपत्रात 'तालुक्यातील तरुणाला लेप्टोचे निदान' असा मथळा त्यांनी वाचला. (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला एक तापाचा आजार.) घरी वडील म्हणाले, हे 'निदान' आणि 'निदान एक घास तरी खा' यातले 'निदान' एकच. बाईंना ते पटले नाही. त्या विचारतात: शब्द एक की दोन, मथळा बरोबर की चूक, आणि वर्गात समानार्थी शब्द कोणते सांगावेत?

मथळा चूक आहे. ही चूक इतकी बोकाळली आहे की शिकलेले लोकही आता 'मला शुगरचं निदान झालं' असे बोलतात. मराठीत '-ला झाले' म्हटले की त्या माणसाच्या वाट्याला काय आले ते पुढे येते. त्याला मुलगा झाला, त्याला आनंद झाला, त्याला कावीळ झाली. 'त्याला निदान झाले' म्हटले तर निदान हाच आजार ठरतो. तरुणाला झाला तो लेप्टो. निदान झाले ते तापाचे, आणि ते केले डॉक्टरांनी. म्हणून 'त्याच्या तापाचे निदान लेप्टो असे झाले' म्हणा, किंवा 'त्याला लेप्टो झाल्याचे निदान झाले' म्हणा. इंग्रजी बातमीचे वाक्य घाईत उचलून मराठीत टाकल्यावर विभक्ती अशी पोरकी होते. मालवणी बोलणारी म्हातारी 'झिलाक (मुलाला) लेप्टो झालो' म्हणते. तिचे व्याकरण मथळा लिहिणाऱ्यापेक्षा पक्के आहे.

आता शब्दाकडे. रोगाची ओळख, किमान, शेवट हे अर्थ कोणत्याही कोशात सापडतील, त्यांत वेळ घालवत नाही. मला सांगायचे आहे ते गोठ्यातले.

निदान म्हणजे मुळात दोर. गाय-वासरू बांधायचे दावे. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात या शब्दाचा पहिला अर्थच पट्टा, दोरी, दावे असा आहे. कारण, रोगाचे कारण वगैरे सगळे त्यानंतर. यातला धातू 'दा', पण देण्याचा 'दा' नव्हे, बांधण्याचा. त्याच 'दा'पासून संस्कृतात दामन् झाला. कंबरेला दावे बांधलेला तो दामोदर. आणि दामन्‌चे मराठीत झाले दावे. गुरांची रांग बांधायची ती दावण. कोकणात आजही भल्या पहाटे गोठ्यात जाऊन जे सोडतात ते दावे आणि डॉक्टर ज्याच्यासाठी रक्त तपासायला पाठवतात ते निदान, ही एकाच घरातली भावंडे. ग्रीकमध्ये याच धातूचे 'देओ' हे रूप आहे, अर्थ बांधणे. त्यातून डोक्याला बांधायचा डायडेम आला, आणि शरीरशास्त्रात पेशींना एकमेकींशी जखडणारा डेस्मोसोमही. उलट 'डायग्नोसिस' या शब्दातला ग्नोसिस आपल्या 'ज्ञान'चा सख्खा भाऊ. म्हणजे इंग्रजीने ओळखण्यावरून शब्द केला आणि आपण बांधण्यावरून. मला आपला जास्त आवडतो, कारण तो जास्त मागतो. नुसते ओळखून भागत नाही. ताप कोणत्या खुंट्याला बांधला आहे, हे दाखवावे लागते.

इथे आयुर्वेद शिकवणारी मंडळी हटकून आडवी येतात. 'निर्दिश्यते व्याधिः अनेन इति निदानम्', ज्याने रोग दाखवला जातो ते निदान, अशी व्युत्पत्ती वर्गावर्गात घोकून घेतली जाते. अर्थ सांगायला ती ठीक, व्युत्पत्ती म्हणून अजिबात नाही. 'दिश्'पासून निदेश होतो, निर्देश होतो. निदान कसे होईल? त्यातला श गेला कुठे? टीकाकार अर्थ समजावत होते. त्यांच्या समजावणीला व्याकरणाची पावती जोडण्याचे काम नंतरच्यांनी केले. दुसरा एक वर्ग 'दान'कडे धावतो आणि त्यातून दातृत्व काढतो. त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

या मंडळींनी आपलेच ग्रंथ नीट वाचले तरी पुरे. चरकाच्या निदानस्थानाच्या आरंभीच यादी आहे: हेतू, निमित्त, आयतन, कर्ता, कारण, प्रत्यय, समुत्थान, निदान, हे सगळे एकाच अर्थाचे. (बाई, तुमचे समानार्थी शब्द यातच आले. मुलांना 'प्रत्यय' सांगताना मात्र जपून, ती व्याकरणाच्या तासाला गोंधळतील.) अमरकोश म्हणतो 'निदानं त्वादिकारणम्'. बौद्धांची द्वादश निदाने म्हणजे एकात एक अडकलेल्या कारणांच्या बारा कड्या. बंधन तिथेही आहेच. रोग ओळखण्याच्या सबंध प्रक्रियेला जुन्यांनी रोगविनिश्चय म्हटले. माधवकराने आपल्या ग्रंथाचे नावही तेच ठेवले होते. आपण त्याला माधवनिदान म्हणत बसलो. वाग्भटाच्या मते रोगाचे ज्ञान पाच वाटांनी होते: निदान (कारण), पूर्वरूप (आधीची चाहूल), रूप (लक्षणे), उपशय (कशाने आराम पडतो ते) आणि संप्राप्ती (रोग कसा घडत गेला ते). म्हणजे निदान ही पाचांतली पहिली वाट. तिने बाकी चौघींना गिळून आख्ख्या कामाचे नाव पटकावले, हे नंतरचे.

आता बाईंच्या वडिलांची बाजू. ते बरोबर आहेत, शब्द एकच. पण 'आदिकारण' आणि 'कमीत कमी' हे अर्थ एका शब्दात नांदतात कसे, याचा खुलासा कोश करत नाहीत. अर्थ एकाखाली एक मांडतात आणि मोकळे होतात. माझे मत असे. दाव्याला दोन टोके असतात. एक खुंट्याला, दुसरे गुराच्या गळ्यात. खुंट्याकडचे टोक म्हणजे आदिकारण, जिथून सगळे सुरू होते ते. गळ्याकडचे टोक म्हणजे शेवट, ज्याच्या पलीकडे गुराला जाता येत नाही. संस्कृतात निदानचा 'शेवट, अंत' असा अर्थ आहेच. जुन्या हिंदी गद्यात 'निदान' म्हणजे 'अखेर': निदान राजा निघून गेला. शेवटची मर्यादा म्हटली की तिच्याखाली उतरायचे नाही, म्हणून 'कमीत कमी'. 'निदान एक घास तरी खा' म्हणजे दावे इथवर आले आहे, याहून सैल सोडणार नाही. आदी आणि अंत एकाच शब्दात सापडले की आपले लोक लगेच तत्त्वज्ञानात शिरतात. त्याची गरज नाही, गोठा पुरतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'तासां नि चिक्युः कवयो निदानम्' असे येते: कवींनी त्यांचे निदान हेरले. तिथे भाषांतरकार कोणी 'कारण' लिहितात, कोणी 'बंध'. माझ्या मते ऋषीला दोन्ही एकदमच म्हणायचे होते, कारण त्याच्या डोळ्यांपुढे दोर होता.

आणि योगायोग बघा. ज्या जंतूवरून हा प्रश्न निघाला त्या लेप्टोस्पायराच्याही नावात दोर आहे. ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे बारीक, 'स्पैरा' म्हणजे पिळलेले वेटोळे, पीळ दिलेली दोरी. सूक्ष्मदर्शकाखाली तो खरोखर तसाच दिसतो, बारीक पिळाचा आणि टोकाला वळलेला. त्या वळणामुळे १९०७ साली स्टिम्सन या संशोधकाला तो प्रश्नचिन्हासारखा दिसला आणि त्याने नाव ठेवले 'इंटेरोगान्स', प्रश्न विचारणारा. त्याला हा जंतू सापडला तो एका मृताच्या मूत्रपिंडात, आणि तो रोगी पीतज्वराने गेला अशी नोंद होती. जर्मन डॉक्टर वाइलने या आजाराचे वर्णन १८८६ मध्येच केले होते. पण खुंटा, म्हणजे आजाराचे कारण, सापडला नव्हता. तो जपानात इनाडा आणि इडो यांनी १९१५ च्या सुमारास शोधला. लक्षणांचे वर्णन आणि निदान यांत जवळपास तीस वर्षांचे अंतर पडले, ते असे.

कोकणात हे अंतर आजही पडते, फक्त दिवसांत. लावणीच्या दिवसांत ताप येतो, अंग मोडून येते, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. हा डेंगी असेल, मलेरिया असेल, स्क्रब टायफस असेल. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून माकडतापाचीही भर पडली आहे. उंदराच्या किंवा गुरांच्या लघवीतून जंतू चिखलात येतो आणि कुणग्यात (भाताच्या खाचरात) उभ्या माणसाच्या पायाच्या भेगेतून आत शिरतो. पहिल्या आठवड्यात तो रक्तात असतो, पण त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) अजून पुरेशी तयार नसतात. म्हणून ही प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम चाचणी तिसऱ्या दिवशी केली आणि ती निगेटिव्ह आली तरी लेप्टो नाही असे ठरत नाही. मॅट नावाची प्रमाण चाचणी आहे. तिच्यात रोग्याचे रक्तद्रव जिवंत जंतूंवर टाकून ते एकमेकांना चिकटतात का ते बघतात. ती दोनदा करावी लागते, काही दिवसांच्या अंतराने, आणि दुसऱ्या वेळी पातळी चौपट चढली तर खात्री होते. तोवर रोगी एकतर बरा होऊन घरी गेलेला असतो, नाहीतर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे धोक्यात आलेली असतात. म्हणून शहाणा डॉक्टर पावसातला ताप, चिखलातले काम आणि लाल डोळे बघूनच डॉक्सीसायक्लिन किंवा पेनिसिलिन हे प्रतिजैविक सुरू करतो, चाचणीसाठी थांबत नाही.

म्हणूनच आरोग्यखाते संशयित, संभाव्य आणि निश्चित असे तीन शब्द वापरते. तिन्ही काळजीपूर्वक निवडलेले आहेत. वार्ताहर तिन्हींचा काला करून 'निदान' लिहितो. संशयित म्हणजे दावे हातात आहे, खुंटा दिसत नाही. त्याला निदान म्हणणे म्हणजे नसलेल्या खुंट्याला गाय बांधणे. आणि रक्त तपासणाऱ्या दुकानांवर 'निदान केंद्र' अशा पाट्या कोणी लावल्या? तिथे तपासणी होते. निदान करायला रोगी समोर लागतो.

उलट बाजूही आहे, निदान लगेच होते पण उपाय सापडत नाही. लाल विंचवाचे उदाहरण घ्या. तो नांगी मारून गेला की काय झाले हे रोग्यालाही ठाऊक असते. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन यासाठी वापरून दाखवले आणि १९८० च्या दशकापासून ते जगातल्या नियतकालिकांत मांडत राहिले. २०११ साली त्यांनी रोग्यांवर केलेली औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. सत्तर रोगी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले: पस्तिसांना नुसते प्राझोसिन, पस्तिसांना त्याच्या जोडीला विंचवाच्या विषावरची प्रतिलस. पहिल्या गटाला बरे व्हायला सरासरी १७.७ तास लागले, दुसऱ्याला ८. या बातमीत 'निदान' शब्द कुठेच लागत नाही, तरी मी तो शीर्षकात पाहिलेला आहे. रोगाविषयी काहीही छापायचे झाले की हा शब्द मिठासारखा शिंपडायचा, अशी सवय लागली आहे.

निदान म्हणजे कारणच, याचा सर्वांत पक्का पुरावा सुश्रुताचा आहे, तो शेवटी राखून ठेवला होता. 'संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्': थोडक्यात उपचार म्हणजे निदान टाळणे. आजचा अर्थ लावला तर सुश्रुत तपासणी टाळा असे सांगतो आहे! त्याला म्हणायचे आहे ते कारण टाळा. गमबूट घालून कुणग्यात उतरा, पायाच्या भेगा झाका, गोठ्यातून आल्यावर हातपाय साबणाने धुवा. आठवड्याला डॉक्सीसायक्लिनची एक मात्रा घेण्याचा सल्लाही याच जातीचा, मात्र ती डॉक्टरांना विचारून. १९८४ साली पनामात सराव करणाऱ्या अमेरिकी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९४० जणांपैकी ज्यांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम मिळाले त्यांच्यात एकच आजारी पडला, ज्यांना नकली गोळी मिळाली त्यांच्यात वीस. अंदमानात २००० च्या सुमारास हाच प्रयोग गावकऱ्यांवर झाला, तेव्हा गोळीने लागण थांबली नाही, आजार मात्र कमी झाला. 'लागण' आणि 'आजार' यांतला हा फरकही मथळे लिहिणारे रोज पुसतात. त्यावर कोणी विचारले तर लिहीन.