राधाकृष्ण आधी की तुळशी वृंदावन?

"मॅडम, क्रॉस स्टिच हौसेनं शिकायला घेतलं, पण माझ्याच्यानं नाही होत." क्रॉस स्टिच म्हणजे घरं असलेल्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी चित्र भरणं. मी समुपदेशक आहे आणि हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. निवृत्तीनंतर, मुलं परगावी गेल्यावर किंवा मोठ्या दुखण्यातून उठल्यावर कुणीतरी सुचवतं, काहीतरी छंद लावून घे. बाई दुकानात जाते, त्यातल्या त्यात देखणं चित्र निवडते आणि महिन्याभरात ते कापड कपाटाच्या तळाशी जातं. कापड गेल्याचं दुःख थोडं असतं. हाती घेतलेलं काहीच आपण तडीला नेत नाही, हे स्वतःबद्दलचं मत मात्र पक्कं होऊन बसतं.

विद्याताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) त्यातल्याच एक. एका पतसंस्थेत कर्ज विभागात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत चार महिन्यांवर आली होती आणि त्यांना तिला स्वतःच्या हातची राधाकृष्णाची फ्रेम द्यायची होती. पहिल्या भेटीत त्या बराच वेळ झोप लागत नाही, जेवण जात नाही, एवढंच बोलत राहिल्या. फ्रेमचा विषय निघाला तो निरोप घेताना. "आमचे हे म्हणतात, सुरू करायचं आणि सोडायचं ही तुझी सवयच आहे. खरंच आहे ते."

पुढच्या वेळी येताना ते कापड घेऊन या, असं मी सांगितलं.

त्यांनी ते पिशवीतून काढलं तेव्हा माझ्या लगेच लक्षात आलं. सोबत कुठल्याशा फोटोवरून संगणकानं करून दिलेला ग्राफ, म्हणजे कुठल्या घरात कुठला रंग ते दाखवणारा नकाशा, होता. रंग ४६. राधेच्या एका गालासाठी तपकिरी-गुलाबीच्या सहा छटा, आणि त्याही सलग नाहीत, एक टाका इथे आणि एक तिथे. कापड १८ काउंटचं, म्हणजे इंचात अठरा घरं. हे काम त्या रात्री ट्यूबलाइटखाली बसून करत होत्या. कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग इतक्या वेळा उसवला होता की कापडाची भोकं फाकली होती. हे कापड आळशी बाईचं नव्हतं.

मी विचारलं, "विद्याताई, कर्जाचा अर्ज समोर आला की तुम्ही आधी काय बघायचात?"

"परतफेडीची ऐपत. मग आधीची खाती, जामीनदार."

"मग हाही अर्जच समजा." मी ग्राफ आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांचा हात सवयीनं चालू लागला. आडवी घरं २००, उभी २६०, एकूण ५२,०००. नवशिक्या हाताला तासाला शंभरेक टाके धरले तर ५२० तास. रोज एक तास दिला तर जवळपास दीड वर्ष, तेही काही न उसवता. आणि मुदत चार महिन्यांची.

"मंजूर केला असतात?"

"पहिल्याच टेबलावरून परत पाठवला असता." त्या हसल्या. मग एकदम गप्प झाल्या आणि डोळे भरून आले. जरा वेळानं म्हणाल्या, "पण मॅडम, अर्जदाराला नालायक नसतं म्हटलं मी. रक्कम कमी करून आणा, एवढंच सांगितलं असतं."

हे वाक्य मी त्यांना सुचवलं नव्हतं. पण ते त्यांच्याच तोंडून यावं, म्हणूनच प्रश्न पतसंस्थेच्या भाषेत विचारला होता. मी घडले ती मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर. 'हे काम जमलं नाही' इथून 'मीच कुचकामी' इथपर्यंतची उडी माणूस कळत-नकळत मारतो आणि दुःखी होतो, हे मी रोज बघते. ती उडी दुसऱ्यानं दाखवून फारसा उपयोग होत नाही. ती आपली आपल्याला दिसली की माणूस मोकळा होतो. विद्याताईंना ती त्या दुपारी दिसली, आणि मला आजही त्या भेटीचं समाधान आहे.

अर्थात गाठ तेवढ्यावर सुटली नाही. पुढच्या वेळी नवीन शंका आली. "लहान डिझाइन म्हणजे शाळेतल्या मुलींचं. एवढंसं लेकीला कसं देऊ?" मी विचारलं, "तिला काय हवंय, हे तिला विचारलंत?" विचारलं नव्हतं. लेकीनं फोनवर सांगितलं, देवघराशेजारी भिंतीचा एक लहानसा तुकडा मोकळा आहे. तुळशी वृंदावन ठरलं ते असं: ४५ बाय ६० घरं, सात रंग, ११ काउंटचं पांढरं आयडा (विणीतच ठळक घरं असलेलं) कापड. भरून साधारण चार इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच. निम्मी घरं कोरीच, म्हणजे टाके चौदाशेच्या आसपास.

पहिलं डिझाइन निवडताना मी हेच बघायला सांगते. चित्र किती सुंदर आहे, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी घरं मोजा आणि रोजच्या वेळाशी ताडून पाहा. दोन-तीन आठवड्यांत हातावेगळं होईल, एवढंच घ्या. एका रंगाचे सलग पट्टे असावेत. एकेक सुटा टाका विखुरलेला ग्राफ अनुभवी बायकांनाही दमवतो. रंग दहाच्या आत असावेत आणि शेजारच्या दोन छटा रात्रीच्या उजेडातही वेगळ्या ओळखू याव्यात. अर्धे-पाव टाके आणि गाठीचे टाके असलेलं पहिल्यांदा नको. कडेला थोडं बॅकस्टिच, म्हणजे बाह्यरेषेचा सरळ टाका, असलं तर चालेल, ते शेवटी करायचं असतं आणि त्यानं चित्र उठून दिसतं. काळं कापड कितीही मोहात पाडो, त्याची भोकं दिसत नाहीत.

कापड ११ किंवा १४ काउंटचं घ्या. सहापदरी धाग्यातले ११ ला तीन आणि १४ ला दोन पदर वापरा. मॅटीवर (ठळक विणीच्या साध्या कापडावर) करायचं असेल तर दुकानातच पट्टी लावून आडव्या इंचात आणि उभ्या इंचात घरं सारखी भरतात का ते मोजा. नाहीतर ग्राफमधलं गोल फूल कापडावर लांबट होतं. घरांच्या संख्येला काउंटनं भागलं की इंच मिळतात. त्यात चारही बाजूंनी तीन-तीन इंच सोडून कापड कापा. घडी घालून मध्य काढा आणि तिथूनच सुरुवात करा. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेला हवा.

"पण सोपं निवडणं म्हणजे स्वतःला फसवणंच ना?" असं मला अनेकजणी विचारतात. माझं उत्तर ठाम नाही असं आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात भक्कमपणे येतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून. कौतुक आणि धीराच्या शब्दांचं बळ त्याहून कमी. म्हणून पहिलं डिझाइन संपणारं हवं.

विद्याताईंचं संपलं. पहिल्या दोन ओळींत फुल्यांचे पाय उलटसुलट पडले होते. त्यांनी ते मला बोट ठेवून दाखवले. "उसवावंसं वाटलं होतं. मग म्हटलं, राहू दे." माझ्या लेखी ते 'राहू दे' सगळ्या वृंदावनापेक्षा मोठं होतं.

वास्तुशांतीनंतर त्या एकदाच आल्या, त्याही विचारायला की आता १४ काउंटवर मोर घेऊ का. ग्राफ सोबत होता, घरं मोजून आणली होती, तासांचा हिशेब कडेला पेन्सिलनं मांडलेला. शेपटीत थोडे पाव टाके होते. मी ते दाखवले, तर म्हणाल्या, "बघितलेत. तेवढी शेपटी पूर्ण टाक्यांची करून घेतली तर चालेल ना?" चालेल, म्हटलं.