अंदाजपत्रकाचे पान आधी लिही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

संशोधन-निधीसाठीच्या तुझ्या प्रस्तावाचा मसुदा वाचला. गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाचा, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या विषाणूजन्य तापाचा, अभ्यास जंगल, गुरे आणि माणसांचे आरोग्य अशा सर्व अंगांनी करण्याची कल्पना मला मनापासून पटली. मात्र प्रस्तावनेत तू ज्या चार विद्याशाखा एकत्र आणल्या आहेस, त्यांपैकी तिघींच्या नावे अंदाजपत्रकात एक रुपयाही नाही, आणि संशोधन खरोखर संयुक्त आहे की नाही, हे माझ्या मते त्याच पानावर कळते. (सहसंशोधक म्हणून नुसती सही देणारे सज्जन आपल्याकडे मुबलक आहेत.)

हा रोग एका शाखेच्या आवाक्यातला नाहीच. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात त्याची ओळख पटली. 2015 मध्ये तो सत्तरीतील पाली गावात आढळला. विषाणू वाहणारी गोचीड पूर्ण वाढल्यावर गुरांवर पोसते, पण माणसाला प्रामुख्याने चावते ती तिची डोळ्यांना जेमतेम दिसणारी अर्धवाढ अवस्था, जी हिवाळ्यापासून मेपर्यंत पालापाचोळ्यात असते. आणि नेमक्या याच दिवसांत काजूच्या बागेत बायका वाकून बोंडू गोळा करतात व त्याच पाचोळ्यात बसून बी वेगळी काढतात. या रोगाने माकड मेल्याची खबर आधी वनरक्षकाला लागते, तापाचा रुग्ण वाळपईच्या आरोग्य केंद्रात येतो, आणि गुरे कोठे चरतात हे फक्त घरच्यांना ठाऊक असते. म्हणून पशुवैद्यकाचा प्रवासखर्च, पांढरे फ्लॅनेल पाचोळ्यावरून ओढून गोचिडी गोळा करणाऱ्या क्षेत्र-साहाय्यकाचे मानधन, नमुने शीतसाखळीतून, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवून, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे पाठवण्याचा खर्च आणि मजुरी बुडवून मुलाखतीला बसणाऱ्या बाईची भरपाई, या सर्वांना स्वतंत्र ओळ हवी.

याहून अवघड गोष्ट वेळापत्रकाची आहे. सरकारी आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, म्हणजे तुझ्या हंगामाच्या ऐन मध्यावर. पुढचा हप्ता सहसा खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामीच खर्च झाल्याचा दाखला) पोहोचल्यावरच सुटतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा काम सर्वांत जास्त असते तेव्हाच, साहाय्यकांचे मानधन अडकण्याची भीती असते. हंगामाचे साहित्य फेब्रुवारीपूर्वीच घे, आणि या दोन महिन्यांसाठी उचल मिळेल का, हे यजमान संस्थेच्या लेखा विभागाला प्रस्ताव पाठवण्याआधी विचारून ठेव. लेखापालाशी स्नेह असलेला संशोधक निम्मी लढाई जिंकतो.

दार कोणते ठोठावायचे, यावर फार वेळ घालवू नकोस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद रुग्णाला काय लाभ होईल हे विचारील; 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे विज्ञानाची मांडणी पुढे ठेवावी लागेल. दोन्हीकडे परीक्षक बहुधा एकेका विषयाचे असतात, तेव्हा तुझे गोचिडीविषयीचे प्रकरण डॉक्टरला आणि रक्तनमुन्यांविषयीचे प्रकरण वनस्पतीशास्त्रज्ञाला वाचायला दे. जिथे ते अडतील तिथे परीक्षकही अडेल.

परवानग्यांना मात्र आजच हात घाल. म्हादई अभयारण्यात काम करायचे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागेल, माणसांच्या नमुन्यांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागेल, आणि तुझा हंगाम या दोन्ही कामांसाठी थांबणार नाही.

नवे अंदाजपत्रक तयार झाले की आधी तेवढेच पाठव. प्रस्तावनेचे नंतर बघू.

तुझे सर