जी अणुकेंद्रकं मिलिसेकंदांत नष्ट होतात त्यांची रचना मोजतात कशी? भारतात राहून यात पीएचडी करता येते का?

मिलिसेकंद म्हणजे कमी वेळ, हे आधी डोक्यातून काढून टाका. लिथियम-११ (तीन प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन) चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं संपायला लागणारा वेळ, सुमारे ८.७५ मिलिसेकंद. बीममध्ये, म्हणजे प्रवेगकातून सोडलेल्या केंद्रकांच्या झोतात, ते प्रकाशाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेगाने पळत असेल, तर शंभर मीटरला अर्धा मायक्रोसेकंदही लागत नाही. आमच्या हिशोबाने ते चिरंजीवच.

एका कॉलेजच्या मुलाखतीत हेच सांगत होतो. पॅनलवरचे रसायनशास्त्राचे सर हसले, "म्हणजे पापणी लवायच्या आत जे संपतं, त्यावर तुम्ही तरुणपण घालवलंत?" बाकीचेही हसले. मी सरळ खडू उचलला आणि जपानी भौतिकशास्त्रज्ञ तानिहातांचा, अमेरिकेतल्या बर्कलेचा १९८५ चा प्रयोग मांडला. टार्गेटमध्ये किती लिथियम-११ शिरले आणि पलीकडे किती तसेच निघाले, एवढंच मोजायचं. जितके गहाळ तितक्या टकरा, आणि टकरा जास्त म्हणजे केंद्रक मोठं. लिथियम-९ वरून ११ वर जाताना नेहमीच्या सूत्राने त्रिज्या ७ टक्क्यांनी वाढायला हवी. वाढली ३० टक्क्यांहून जास्त! कारण शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून लांबवर पसरलेले. दोन्ही मिळून सुटायला ०.३७ एमईव्ही (केंद्रकांच्या ऊर्जेचं एकक) पुरतात. एरवी एकाच न्यूट्रॉनला सात-आठ लागतात.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "एनएसएसचं युनिट सांभाळाल का?" नोकरी त्यांच्याच विद्यार्थ्याला मिळाली.

तर हो, पीएचडी करता येते. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन हा प्रवेगक आहे, दिल्लीत आययूएसी आणि कोलकात्यात व्हीईसीसी ही प्रवेगक केंद्रं. क्लोव्हर डिटेक्टरवर (थंड ठेवलेल्या जर्मेनियम स्फटिकांचा) केंद्रकांतून निघणारे गॅमा किरण मोजायला इथेच शिका. रात्रपाळीत लिक्विड नायट्रोजनच्या पाइपवर बर्फ धरलेला पाहत, जर्मेनियम तापू नये म्हणून जागलेला माणूस कुठल्याही लॅबमध्ये उभा राहतो. "खरं काम परदेशातच" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी डिटेक्टर उघडून पाहिलेला नसतो. आणि उपयोग काय, असं कुणी विचारलंच, तर त्याच्या बोटातल्या अंगठीकडे पाहा. विश्वातलं बहुतेक सोनं अशाच न्यूट्रॉनने ठासलेल्या, क्षणभर टिकणाऱ्या केंद्रकांतून घडलंय. सरांच्या बोटात तर दोन अंगठ्या होत्या; मला तेव्हा सुचलं नाही.

अर्थात इथले बीम मुख्यतः स्थिर केंद्रकांचे. लिथियम-११ च हवं असेल तर जपानचं रिकेन, जर्मनीचं जीएसआय किंवा मिशिगनचं एफरिब, या प्रयोगशाळांकडे बीमटाइम, म्हणजे प्रयोगासाठी बीम वापरायची वेळ, मागावा लागतो, आणि तो आपल्या सोयीने मिळत नाही. नेट-जेआरएफ झालंय असं धरून बोलतोय. नंतरच्या नोकरीचं तुम्ही विचारलं नाहीत, ते बरंच झालं.